कामाची क्वाड शर्यतीत: दीड तास चिखल आणि एक वाकलेला टाय रॉड

मेपलवाडी | २९ एप्रिल, रात्री ९:४०

गेल्या शनिवारी माझी होंडा रँचर ४२० ही शेतकामाची क्वाड शर्यतीत उतरवली. हीच रँचर फेब्रुवारी-मार्चमध्ये मेपलच्या रसाचे डबे ओढते, जूनमध्ये गवताच्या गाठी आणि ऑक्टोबरपासून सरपण. आग्नेय ओहायोच्या टेकड्यांत आमची २२ एकर जमीन आहे, त्यातली निम्मी उभ्या उताराची. जिथे ट्रॅक्टर घालायची छाती होत नाही तिथे ही जाते. शेजारचे आजोबा तीन वर्षं मागे लागले होते की एकदा नाव नोंदव. यंदा नोंदवलं.

आपल्याकडे या विषयावर कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

क्वाड म्हणजे चार जाड, मऊ टायरांची, घोड्यावर टांग टाकावी तशी बसायची गाडी. तिच्यात दोन जाती. स्पोर्ट क्वाड शर्यतीसाठीच जन्माला आलेली: यामाहाची वायएफझी ४५० आर तेल-पेट्रोल भरून १८४ किलोच्या आसपास भरते आणि तिची चाकं पुढे २५, मागे २८ सेंटिमीटर वरखाली होतात. युटिलिटी क्वाड कामाची: पुढेमागे लोखंडी रॅक, मागे ट्रॉलीचा हुक, हवं तेव्हा चारही चाकांना ताकद. माझी रँचर २६० किलोच्या वर आणि सस्पेन्शनची हालचाल जेमतेम १६ सेंटिमीटर. म्हणजे अंगावर ७५ किलो जास्त, आणि दणका झेलायला ९ ते १२ सेंटिमीटर कमी. शनिवारी माझ्या वाट्याला जे आलं ते सगळं या फरकातून आलं.

शर्यतीची पद्धत इथे सगळीकडे जवळपास सारखी. जंगलातून झाडांना फिती आणि बाण लावून एक फेरा आखतात. आमचा ९ किलोमीटरचा होता. ठरलेल्या वेळेत जितके फेरे होतील तितके. आमच्या गटाला ९० मिनिटं. वेळ संपल्यावरही चालू असलेला फेरा पुरा करायचा असतो. गटागटाने रांगा लावतात आणि थोड्या थोड्या अंतराने एकेक रांग सोडतात. सुरुवात बंद इंजिनाने: सगळे गप्प, झेंडा पडला की बटण दाबायचं. देशपातळीवर जीएनसीसी नावाची मालिका आहे, तिची मुळं १९७० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या डेव्हिस गावी डेव्ह कूम्ब्स यांनी भरवलेल्या 'ब्लॅकवॉटर १००' या शर्यतीत आहेत. या मालिकेत शनिवारी क्वाड आणि रविवारी मोटरसायकली पळतात, आणि कामाच्या फोर बाय फोर गाड्यांचे वेगळे गटही असतात. आमच्यासारखे छोटे क्लब तोच साचा घेऊन एखाद्या शेतकऱ्याच्या रानात शर्यत भरवतात.

तयारीला मी तीन आठवडे दिले. दोन्ही रॅक, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) आणि हुक उतरवला. वजनकाट्यावर २४ किलो निघाले. पोटाखाली ॲल्युमिनियमचा पत्रा. हाताला फांद्या लागू नयेत म्हणून हँडलला गार्ड. मनगटाला बांधायची दोरी, म्हणजे माणूस पडला की ती निसटून इंजिन बंद होतं. ती नसेल तर तपासणीतच परत पाठवतात. सहा पदरी टायर. हवेवर मी बराच विचार केला. गाडीवर लिहिलेला आकडा ४ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं माप) आसपास आहे. इतक्या कमी हवेत टायर मुळांवर पसरून छान पकडतो, पण वेगात दगडावर आदळला की रिमपर्यंत चेपतो. मी पुढे ६, मागे ५ ठेवली. हा निर्णय बरोबर निघाला. एकही पंक्चर नाही.

आमच्या गटात ११ गाड्या. झेंडा पडला तेव्हा माझं इंजिन पहिल्या झटक्यात लागलं आणि पहिल्या वळणावर मी चौथा होतो. मग जंगल. दोन दिवस आधी पाऊस पडून गेलेला, आणि इथली माती पिवळी चिकण. पुढच्या रांगांमधल्या स्पोर्ट क्वाडनी चाकोऱ्या इतक्या खोल पाडल्या होत्या की माझा पत्रा मधल्या वरंब्यावर घासत होता. पहिल्या मोठ्या चढावर सहा-सात गाड्या अडकून पडल्या होत्या. सगळे त्याच चाकोरीत चाकं फिरवत होते. मी थांबलो, फोर व्हील लावली, डावीकडून, जिथे पालापाचोळा अजून तुडवला गेला नव्हता, तिथून दुसऱ्या गिअरमध्ये हळूच वर गेलो. रसाचे डबे घेऊन मी रोज असाच चढ चढतो. त्या चढावर मला कळलं की माझ्या गाडीला जे येतं ते इथे कामाला येणार आहे, आणि जे येत नाही ते तिच्याकडून करून घ्यायला जाऊ नये.

पहिला फेरा २६ मिनिटं, दुसरा २८. फोर व्हील सतत लावून ठेवली नाही. लावली की हँडल जड होतं आणि गाडी वळणात बाहेर फेकली जाते. डोंगराच्या धारेवर, कोरड्या वाटेवर टू व्हीलमध्ये मागची बाजू थोडी सरकते आणि वळण पटकन घेता येतं. चढ, चिखल आणि ओढा एवढ्यापुरतीच फोर व्हील.

तिसऱ्या फेऱ्यात चूक झाली, आणि ती सर्वस्वी माझी. आडव्या उतारावर ओल्या मुळांवरून मागची चाकं खाली सरकली. मी अंग वरच्या बाजूला टाकायला हवं होतं, ते उशिरा टाकलं. पुढचं डावं चाक पाल्याआडच्या कापलेल्या बुंध्यावर आदळलं. खाली उतरून पाहतो तर उजवं चाक सरळ आणि डावं बाहेर तोंड करून. चाक वळवणारा दांडा, म्हणजे टाय रॉड, धनुष्यासारखा वाकलेला.

सामानाच्या पिशवीत रॅचेटचा पट्टा होता. एक टोक बीचच्या झाडाला, दुसरं रॉडच्या वाकलेल्या जागी, आणि दात दात कसत गेलो. ११ मिनिटं गेली. चाकं साधारण समांतर आली, हँडल मात्र तिरपं राहिलं. उरलेले ३ किलोमीटर सावकाश, जपून काढले. त्यात मागचा ब्रेक गेला होता. ड्रममध्ये चिखलाचं पाणी शिरलं होतं, पाय दाबला तरी काही नाही. उतारांवर पहिला गिअर आणि पुढचा ब्रेक. तिसरा फेरा ४१ मिनिटांचा झाला. ११ पैकी ८ गाड्या पोचल्या, मी सहावा.

काल तिच्यावर सरपण नव्हतं, उभीच होती. नवा रॉड मागवलाय. तीन आठवड्यांनी पुढची शर्यत आहे आणि मला जायचंय. ब्रेकच्या पाण्याचं काय करावं, आणि कामाच्या गाडीला शर्यतीत नेताना आणखी काय पाहावं, हे जाणत्यांनी सांगावं.

---

कृष्णाकाठ | २९ एप्रिल, रात्री १०:२५

एका दमात वाचलं. चढाचा भाग दोनदा. एक शंका: स्पोर्टवाले तुमच्या आधी सुटतात म्हणजे ते फेरा मारून पुन्हा मागून येत असणार. त्या अरुंद वाटेत तुम्ही इतक्या मोठ्या गाडीने त्यांना वाट कशी देता?

---

मेपलवाडी | २९ एप्रिल, रात्री १०:५०

कृष्णाकाठ, येतात. दुसऱ्या फेऱ्यापासून मागून आवाज यायला लागतो. एकदम बाजूला झेप घ्यायची नाही, ही आजोबांनी दिलेली पहिली शिकवण. मागचा स्वार तुमच्या ओळीवरून अंदाज बांधत असतो की तुम्ही कुठे असाल. तुम्ही घाबरून उजवीकडे गेलात आणि तोही उजवीकडून निघालेला असेल तर दोघे झाडात. आपली ओळ धरून चालायचं, वाट रुंद झाली की स्पष्टपणे एका बाजूला जायचं आणि दुसऱ्या बाजूने हाताने खूण करायची. जवळजवळ प्रत्येकाने जाताना हात वर केला. मला ते फार आवडलं.

---

इंडियानावाली | ३० एप्रिल, सकाळी ७:१५

अहो, हा धागा इतकी वर्षं कुठे होता! मी यामाहा ग्रिझली ७०० घेऊन गेली चार वर्षं अशा छोट्या शर्यतींना जाते. मक्याच्या शेतांमधली रानं, टेकड्या तुमच्यापेक्षा कमी, चिखल तितकाच.

माझं वजन ५२ किलो आणि गाडी ३०० च्या वर. त्यामुळे अंग टाकण्याचा मुद्दा माझ्यासाठी जगण्यामरण्याचा आहे. ८५ किलोचा माणूस नुसता कुल्ला सरकवून जे करतो त्यासाठी मला अख्खं शरीर सीटच्या बाहेर काढावं लागतं. आडव्या उतारावर मी दोन्ही पाय वरच्या बाजूच्या पायरीवर घेते, खालच्या बाजूला फक्त हात. हे घरामागच्या बांधावर, अगदी सावकाश, शंभर वेळा केलं तेव्हा अंगवळणी पडलं. शर्यतीत विचार करायला वेळ नसतो. तुम्ही लिहिलंय की अंग उशिरा टाकलं. माझा अनुभव असा की घसरल्यावर टाकायचंच नसतं. मुळं दिसली की आधीच वर जाऊन बसायचं.

दुसरं, उभं राहणं. दर ऑक्टोबरला क्रॉफर्ड्सव्हिलला जीएनसीसीची 'आयर्नमॅन' होते, तिथे मी फोर बाय फोरवाल्यांनाच पाहायला जाते. जाणकार स्वार बसतच नाहीत. गुडघे हेच त्यांचं सस्पेन्शन. तुमच्या गाडीत जे १२ सेंटिमीटर कमी आहेत ते पायांत शोधायचे. मांड्यांना महिनाभर आधीपासून सवय लावा, नाहीतर चाळिसाव्या मिनिटाला माणूस बसतो आणि तिथूनच पाठीला मार बसायला लागतो.

तुमची एक गोष्ट मात्र माझ्यापेक्षा चांगली: तुमच्या रँचरला गिअर आहेत. माझ्या गाडीत गिअरऐवजी रबरी पट्टा इंजिनाची ताकद चाकांकडे नेतो. खोल ओढ्यात पट्ट्याच्या डब्यात पाणी गेलं की इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. मग न्यूट्रलमध्ये रेस करून पाणी उडवायचं, खालचं बूच काढून निथळायचं. मागच्या वर्षी त्यात माझी सात मिनिटं गेली. कुणी पट्ट्याची गाडी शर्यतीला नेणार असेल तर बूच कुठे आहे आणि ते कोणत्या पान्याने निघतं हे आधी घरी बघून ठेवा.

---

जुनंपान | ३० एप्रिल, सकाळी ९:०५

थोडी इतिहासाची भर. या सगळ्या गाड्या आधी तीनचाकी होत्या. होंडाची पहिली १९७० ची, फुग्यासारख्या टायरांवर. पुढे एकच चाक, त्यामुळे वळणात त्या पटकन कलंडायच्या. अपघात इतके झाले की अमेरिकेत १९८८ मध्ये कंपन्यांनी सरकारशी करार करून नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. त्याआधीच, १९८२ च्या सुमारास, सुझुकीने चारचाकी क्वाडरनर आणली होती. १९८६ ची होंडा फोरट्रॅक्स ३५० ही चारही चाकांना ताकद देणारी. मेपलवाडी, तुमची रँचर थेट तिच्या वंशातली: इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं, चाकांकडे ताकद न्यायला चेनऐवजी दांडा. चिखलात साखळी तुटायची भीती नाही, ती यामुळे.

आणि जीएनसीसीचं नाव निघालंच आहे तर बॅरी हॉक यांना विसरू नये. १९९३ पासून ओळीने सात वर्षं क्वाडचे विजेते, आणि मग मोटरसायकलवर जाऊन २००३ मध्ये तिथलंही अजिंक्यपद. दोन्हीकडे जिंकणारा दुसरा कुणी झाला नाही. ज्यांना क्वाड चालवणं हे कमी प्रतीचं कसब वाटतं त्यांना मी हे उदाहरण देतो.

---

वायकाटो_गोठा | ३० एप्रिल, दुपारी १:३०

न्यूझीलंडहून लिहितोय. मी इथे ४०० गाईंच्या गोठ्यावर काम करतो, दिवसातले चार तास क्वाडवर जातात. पहाटे साडेचारला अंधारात गाई आणायला हीच, वासरांचं दूध न्यायलाही हीच. त्यामुळे मला तुमच्या लिखाणातली गाडी ओळखीची वाटली आणि एक काळजीही वाटली.

तुम्ही कुठेही मागच्या संरक्षक कमानीचा उल्लेख केलेला नाही. इथे क्वाडखाली सापडून शेतावर माणसं जातात, दरवर्षी जातात. वेगात असताना नाही, तर बहुतेक वेळा हळू चालत असताना, ओळखीच्याच उतारावर, एका बाजूचं चाक खड्ड्यात किंवा गवतातल्या दगडावर गेल्यावर. गाडी उलटते आणि माणूस खाली. मागे बसवलेल्या कमानीमुळे उलटलेली गाडी आणि जमीन यांच्यात माणसाला जागा राहते. शेजारच्या ऑस्ट्रेलियात ११ ऑक्टोबर २०२१ पासून प्रत्येक नव्या कामाच्या क्वाडला अशी कमान सक्तीची आहे. त्या नियमाला विरोध म्हणून होंडा आणि यामाहाने तिथली कामाच्या क्वाडची विक्रीच बंद केली. माझं मत विचाराल तर नियम बरोबर होता.

माझ्या मालकाने दोन वर्षांपूर्वी सगळ्या गाड्यांना बसवल्या. मागच्या हिवाळ्यात मी स्वतः चाऱ्याच्या पिशव्यांसह आडवा झालो. गाडी कमानीवर टेकली, मी खालून सरपटत बाहेर आलो आणि संध्याकाळचं दूध काढायला हजर होतो. तुम्ही शर्यतीत जरूर जा. पण त्या २२ एकरांवर आठवड्याचे सहा दिवस एकटे फिरता, तिथे कमान लावाच.

---

परिचारिका | ३० एप्रिल, दुपारी ३:१०

मला गाड्यांतलं काही कळत नाही, अपघात विभागात काम केलंय म्हणून लिहिते. वायकाटो म्हणतात त्यात एक गोष्ट जोडते. छातीवर किंवा पोटावर जड वस्तू पडून राहिली तर हाड मोडलेलं नसतानाही माणूस गुदमरतो, कारण छाती फुगू शकत नाही. त्याला ओरडताही येत नाही. मदत काही मिनिटांत पोचायला हवी. शर्यतीत मागून कुणीतरी येत असतं. शेतात कुणी नसतं. एकटे जाताना घरी सांगून जा, फोन गाडीवरच्या डब्यात न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवा. गाडी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे पडलेला असतो.

आणि कृपा करून मुलांना मागे बसवून फिरवू नका. अलिबागकडे, नागावच्या किनाऱ्यावर सुट्टीत हे नेहमी दिसतं: वडील चालवताहेत, पुढे एक, मागे एक, कुणाच्याच डोक्यावर काही नाही.

---

मेपलवाडी | ३० एप्रिल, रात्री ८:४५

वायकाटो, परिचारिकाताई, तुमचं दोघांचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. फोनचं आजपासूनच सुरू केलं. कमानीबद्दल मी आधी वाचलं होतं, पण जंगलात खालच्या फांद्यांत ती अडकेल म्हणून विषय सोडून दिला होता. मी शर्यतीचा विचार करून शेताचा निर्णय घेत होतो. हे उलटं झालं. कमान चार बोल्टवर बसणारी असते असं दिसतंय, म्हणजे रॅकसारखी शर्यतीपुरती उतरवता येईल. मागवतो.

इंडियानावाली, 'आधीच वर जाऊन बसायचं' हे वाक्य गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवणार आहे. आज संध्याकाळी बांधावर वीस वेळा केलं. पाय थरथरताहेत.

जुनंपान, बॅरी हॉक यांचं नाव आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांनी त्यांना पळताना पाहिलंय. आजोबा म्हणाले, इतर लोक चिखलातून वाट काढायचे, आणि हॉक चिखल यायच्या आधीच दुसरीकडून निघून गेलेले असायचे.

---

पानास्क्रू | १ मे, सकाळी ६:५०

मी मिशिगनमध्ये असल्याच गाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. मेपलवाडी, दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण आधी थोडं कडक बोलतो.

पट्ट्याने सरळ केलेला टाय रॉड म्हणजे एकदा वाकवून परत सरळ केलेली तार. पुढच्या वेळी तो त्याच जागी, कमी दणक्याने जातो. आणि वेगात गेला तर एक चाक एकीकडे, दुसरं दुसरीकडे. तुम्ही सावकाश आलात, चांगलं केलंत. पण नवा रॉड येईपर्यंत तिच्यावर सरपणसुद्धा ओढू नका. जास्त जाड, मजबूत रॉडचा मोह अनेकांना होतो. मी गिऱ्हाइकांना सांगतो की कंपनीचाच मऊ रॉड बरा. तो वाकतो म्हणून त्याच्या पुढचा महागडा स्टिअरिंगचा भाग वाचतो. शर्यतीला जाताना एक जादा रॉड आणि दोन पाने बरोबर ठेवा. बदलायला दहा मिनिटं लागतात, तुमच्या पट्ट्याइतकीच.

नवा बसवल्यावर चाकांची तोंडं मोजायची. त्यासाठी यंत्र नको. हँडल सरळ बांधा. पुढच्या दोन्ही टायरांच्या मधोमध खडूने खूण करा, ॲक्सलच्या उंचीवर. दोन खुणांमधलं अंतर पुढून मोजा. मग गाडी ढकलत न्या, खुणा बरोबर मागच्या बाजूला त्याच उंचीवर येईपर्यंत, आणि तिथे परत मोजा. दोन मापांतला फरक पुस्तकात दिलेल्या आकड्याशी जुळवायचा. बांबूच्या दोन काठ्या आणि टेप पुरते.

आता ब्रेक. मागचा ड्रम बंद असतो, पाणी आत जायला नको. गेलं याचा अर्थ झाकणाचं रबर म्हातारं झालंय. बाहेरून धुऊन काही होणार नाही. ड्रम उघडा, आत राखाडी लगदा दिसेल. ब्रेकचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे तुकडे, पातळ झाले असतील, ते बदला. रबर नवं टाका, त्याच्या ओठाला ग्रीस. हवा खेळायची नळी असते ती चिखलाने बुजलीय का बघा. ती बुजली की गरम ड्रम ओढ्याच्या गार पाण्यात गेल्यावर आतली हवा आकसते आणि रबराच्या फटीतून पाणी खेचून घेते. तुमच्या तिसऱ्या फेऱ्यात हेच झालं असणार, कारण आधीचे दोन फेरे ब्रेक चालत होता.

शर्यतीनंतर प्रेशर वॉशर मारताना बेअरिंग आणि रबरांवर थेट धार मारू नका. निम्मी पाण्याची दुखणी शर्यतीत होत नाहीत, धुताना होतात.

---

द्राक्षबाग | १ मे, दुपारी १२:२०

निफाडहून. आमच्याकडे पोलारिसची स्पोर्ट्समन ५७० आहे, जी इथे ट्रॅक्टर म्हणून नोंदवून मिळाली. बागेच्या ओळींत फवारणीचा छोटा टँक ओढायला घेतली. शर्यतीचा आमचा काही संबंध नाही, पण टायरच्या हवेचं वाचून उठलो आणि बागेत गेलो. गाडी गेले सहा महिने वरंब्यावर उड्या मारत चालते, आणि आमचा समज असा की ही गाडीच अशी. ओळींत सरी पडून माती दाबली जाते ती वेगळीच. मेपलवाडी, हवा मोजायला तुम्ही कोणता गेज वापरता? आमच्या पंक्चरवाल्याचा काटा १० च्या खाली नीट दाखवतच नाही.

---

मेपलवाडी | १ मे, रात्री ९:३०

पानास्क्रू, आज ड्रम उघडला. तुम्ही लिहिलं तसाच राखाडी लगदा, वाटीभर. नळीच्या तोंडाशी चिखलाचं वाळलेलं बूच. शू, रबर, दोन्ही मागवले, आणि एक जादा टाय रॉड. तोवर रँचर ठोकळ्यांवर उभी आहे. सरपण ढकलगाडीने.

द्राक्षबाग, मोटारीचा गेज इथे चालत नाही. ० ते १० किंवा ० ते १५ पीएसआयचा कमी दाबाचा गेज वेगळा मिळतो. आणि हवा सकाळी गाडी गार असताना मोजा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा चौकटीवरच्या स्टिकरवर असेल, तोच धरा. माझा ६ आणि ५ फक्त शर्यतीचा आहे. शेतावर मी परत ४ वर येतो, कारण तिथे वेग नाही आणि माती कमी दाबली जावी हेच हवं असतं. टँक भरलेला असताना स्टिकरवर ओझ्याचा वेगळा आकडा दिलाय का तेही बघा.

---

द्राक्षबाग | ४ मे, सायंकाळी ६:४०

कमी दाबाचा गेज नाशिकहून आणवला. मुलाने ट्रॅक्टरचे टायर भरतो तशीच हिच्यातही हवा भरली होती: चारही चाकांत १८. स्टिकर सीटच्या खालच्या बाजूला, फवारणीच्या औषधाने झाकून गेला होता, पुसून वाचला. त्यावरच्या आकड्यावर आणली. आज दोन एकर फवारलं. गाडी वरंब्यावरून उडत नाही, बसून जाते, आणि टँकमधलं पाणी पहिल्यांदाच झाकणातून बाहेर आलं नाही.